क्वार्टर-वेव्ह प्लेटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्ट्रॉन्शियम रुथेनेट या अतिसंवाहकावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण ६५ नॅनोरेडियनच्या कोनाने वळतं, हा केर परिणाम. तो मोजताना सरळ ध्रुवण वर्तुळाकार करणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट लागते. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "६५ नॅनोरेडियन म्हणजे क्वार्टर-वेव्ह प्लेट वाकडी बसल्याची खूण. प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेल्या कुणालाही हे कळतं." दुसऱ्या वाक्यात मुद्दा कुठे आहे? शंका घ्या, पण समोरच्याला अडाणी ठरवून नको. फायबर जुळवण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत, त्यामुळे पाऊल ठेवण्याचं मला सांगू नका.

एक चूक मान्य. ज्याखाली हा पदार्थ अतिसंवाहक होतो ते संक्रमण तापमान मी १.४ केल्विन लिहिलं होतं, उत्तम स्फटिकांत ते १.५ असतं. दुरुस्त केलं आहे.

आता प्लेट. स्टॅनफर्डच्या २००६ मधल्या, दोन किरणांची तुलना करणाऱ्या सॅन्याक उपकरणात १५५० नॅनोमीटरचा प्रकाश ध्रुवण राखणाऱ्या एकाच फायबरच्या दोन्ही अक्षांवरून जातो. नमुन्याजवळची प्लेट ४५ अंशांवर असते. तिच्यातून एक किरण डावा वर्तुळाकार होतो, दुसरा उजवा, आणि परतताना दोघे अक्ष बदलतात. वाट दोघांची एकच, क्रम उलटा. म्हणून बायरिफ्रिंजन्स (दोन ध्रुवणांचा वेग वेगळा असणं) दोघांना सारखाच भोवतो आणि वजा होतो. उरतो केर कोनाच्या दुप्पट फेजफरक.

प्लेट दोन अंश चुकली, तर थोडा प्रकाश अक्ष न बदलता परततो. पण स्रोत मुद्दाम रुंद वर्णपटाचा घेतलेला असतो. फायबरच्या दोन अक्षांमधला मार्गफरक त्याच्या कोहेरन्स लांबीपेक्षा (जेवढ्या मार्गफरकापर्यंत व्यतिकरण टिकतं त्यापेक्षा) कितीतरी मोठा, म्हणून हा भरकटलेला प्रकाश मुख्य जोडीशी व्यतिकरण करत नाही. गोंगाट वाढतो, मापाची पट्टी किंचित बिघडते. खोटा कोन त्यातून निघत नाही.

समजा निघाला, तरी तो नेमका १.५ केल्विनखालीच का उगवावा? चुंबकीय क्षेत्रात थंड करून क्षेत्र काढून घेतलं, की कोनाचं चिन्ह त्या क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. प्लेटला ती दिशा कुठून कळणार? नमुन्यात अडकलेल्या चुंबकीय भोवऱ्यांचं कारण द्याल, तर शून्य क्षेत्रात थंड केल्यावरही कोन दिसतो, फक्त चिन्ह आधी सांगता येत नाही.

धोका आहे तो प्रकाशाने नमुना तापण्याचा. १० मायक्रोवॅटला संवेदनक्षमता ०.१ मायक्रोरेडियन प्रति रूट हर्ट्झ, म्हणजे १०० सेकंदांच्या सरासरीने सुमारे १० नॅनोरेडियन. घाई झाली म्हणून पॉवर वाढवली, की पृष्ठभागाचं तापमान थर्मामीटर दाखवतो तेवढं राहत नाही.

एनएमआरचा (रेडिओ लहरींनी अणुकेंद्रं तपासण्याच्या पद्धतीचा) जुना निष्कर्ष, की या पदार्थातल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांचे स्पिन समांतर असतात, २०१९ मध्ये उलटला, हे तुमचं म्हणणं खरं. तिथे रेडिओ स्पंदांनी नमुना तापत होता. त्याचा प्लेटशी काही संबंध नाही. तुमच्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या ओळींवर बोलण्यासारखं काही नाही. प्लेटची चूक किती अंशांची आणि तिच्यातून किती नॅनोरेडियन निघतात, हा हिशेब मांडा. तो मी ओळ न ओळ तपासेन.