‘फायदा फक्त ०.८४ टक्के’: आकडे खरे, हिशेब चुकीचा

फायझरच्या कोविड लशीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून येणारा मेसेज: ‘फायझरने ९५ टक्के सांगून जगाला गंडवलं. खरा फायदा ०.८४ टक्के. एकाला वाचवायला ११९ जणांना टोचलं!’

गंमत म्हणजे आकडे खरेच आहेत. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या १८,१९८ जणांपैकी ८ जणांना कोविड झाला, नुसतं सलाइन टोचलेल्या १८,३२५ जणांपैकी १६२ जणांना.

‘९५ टक्के ही थाप.’ दोन्ही गट जवळपास सारखे, आणि १६२ च्या जागी ८. आजारी पडण्याची शक्यता ९५ टक्क्यांनी घटली ती अशी. काही जण याचा अर्थ ‘शंभरातले पाच आजारी पडणार’ असा लावतात. तसं असतं तर लसवाल्या गटात ९०० च्या वर रुग्ण निघाले असते.

‘खरा फायदा ०.८४.’ खरी मेख इथे आहे. सलाइनवाल्यांत ०.८८ टक्के आजारी पडले, लसवाल्यांत ०.०४, वजाबाकी ०.८४. शंभराला ०.८४ ने भागलं की येतात ते ११९. पण हे ०.८८ कशावरून ठरलं? सरासरी दोनेक महिन्यांत त्या भागांत साथ किती होती, यावरून. मोठ्या लाटेत लस न घेतलेले १० टक्के लोक आजारी पडले असते, तर त्याच लशीचा फायदा ९.५ टक्के भरला असता आणि ११९ चे झाले असते ११. लस तीच, साथ वेगळी.

‘एकाला वाचवायला.’ चाचणीत मोजला होता लक्षणांसह झालेला कोविड, मृत्यू नव्हे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) वेगळा केलेला विषाणू वापरून बनलेल्या कोवॅक्सिनच्या चाचणीत २४ विरुद्ध १०६ रुग्ण होते; परिणामकारकता ७७.८ टक्के. मेसेजच्या रीतीने वजाबाकी केली तर इथेही जेमतेम १ टक्का येतो. तो मेसेज मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही.

पकडायला जागा आहे, पण दुसरीकडे. ९५ आणि ०.८४ हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यायला हवे होते, बातम्यांत एकच झळकला. शिवाय ९५ हा पहिल्या काही आठवड्यांचा आकडा. कंपनीच्याच पुढच्या निष्कर्षांत चार महिन्यांनंतर तो ८४ च्या आसपास उतरला, ओमायक्रॉनने आणखी खाली आणला. आणि लस घेतलेल्याकडून दुसऱ्याला लागण होते का, हे या चाचणीत तपासलंच नव्हतं. ‘लस घेतली की प्रसार थांबला’ असं ठासून सांगणाऱ्यांना तेव्हा हे विचारायचं होतं.