सॉक्सची पट्टी आणि देशाचं भवितव्य : नवीन संस्थाचालकांसाठी थोडं मार्गदर्शन

निकाल घसरलाय, गणिताचे सर दिवाळीत सोडून गेले ते परत कोण मिळालंच नाही, मुलींच्या बाथरूमच्या दाराला कडी नाही आणि पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे? काय टेन्शन घेऊ नका साहेब, आधी गणवेश कडक करा. बाकी सगळ्याला पैसे लागतात, माणसं लागतात, मंजुरी लागते. गणवेशाला काय लागतं, एक सर्क्युलर आणि गेटवर उभे राहणारे एक पीटीचे सर. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं एका रंगात लायनीत दिसली की पालकच म्हणतील, शाळा सुधारली राव.

मी सांगलीचा, पण सल्ला सातारा-कराडकडच्या संस्थांना पण चालेल, या बाबतीत कृष्णेच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला काही फरक नाही.

पहिलं म्हणजे रंग. आकाशी शर्ट नि निळी पँट ठेवली की संपलंच, ती आठवडी बाजारात पण मिळते, थोरल्याची धाकट्याला होते, चुलतभावाची पण होते, मग संस्थेच्या हातात काय राहिलं? त्यापेक्षा शर्ट पांढरा ठेवा आणि पँट-स्कर्टला चेक्स घ्या, मरून आणि राखाडीच्या मधला कुठलातरी, आणि त्यात एक बारीक पिवळी रेघ. ती रेघ लई महत्त्वाची. कारण आपल्या भागात कापडाला तोटा नाही, विट्यात माग आहेत, इचलकरंजी इथं बाजूला, सोलापुरात तर देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवून जातात, म्हणजे ती रेघ नसेल तर पालक स्वस्तात कापड आणून गल्लीतल्या टेलरकडून शिवून मोकळे होणार. दोन-तीन वर्षांनी पिवळी रेघ हिरवी करायची आणि सर्क्युलरमध्ये खाली ‘नवीन शैक्षणिक धोरणास अनुसरून’ असं टाकायचं. धोरण कोण वाचायला बसलंय.

दुकानाचं नाव मात्र लिहायचं नाही हां. अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करू नका म्हणून सरकार मधूनमधून बजावत असतं, आणि आपण कायदा पाळणारी माणसं. ‘गणवेश कोठूनही घ्यावा, तथापि कापडाची छटा जुळणे आवश्यक’ एवढंच लिहा. छटा कुठल्या दुकानात जुळते ते शिपाईमामा तोंडी सांगतील.

मग येते गेटवरची तपासणी. इथं घाई करू नका, पहिला तास गेला तरी जाऊ दे, तसाही गणिताचाच असेल. प्रतिज्ञा म्हणून झाली, सगळे बांधव झाले, की लायनीत फिरायचं आणि पँट वर करायला लावून सॉक्स बघायचे. दोन पट्ट्यांचे सांगितले होते आणि एका पट्टीचे आले तर पोरगं बाजूला. रिबीन काळी सांगितली होती आणि नेव्ही ब्लू आली तर पोरगी बाजूला (ढगाळ हवेत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तर नियमाला धार येते). नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तर सुट्टी घेऊच नका, शिराळ्यापासून मिरजेपर्यंत प्रत्येक पोरीच्या हातावर मेंदी असते, एका सकाळी महिन्याभराची शिस्त लागते. हात घासून आण म्हणायचं. मेंदी घासून निघत नाही हे आपल्याला पण माहिती आहे, तिला पण माहिती आहे, पण म्हणायचं.

पावसाळ्यात कच खाऊ नका. जूनमध्ये शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात, पाटण-जावळीकडं तर आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, कपडे वाळत नाहीत, आई पहाटे उठून ओल्या शर्टावर इस्त्री फिरवत बसते आणि तरी काखेत ओलाच राहतो तो. हीच वेळ पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे करायची. रबरी चप्पल घालून चिखलातून आलेलं पोरगं आत घेतलं तर उद्या सगळेच कोरड्या पायानं बसतील. आणि सांगलीतल्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चा अनुभव धरून पुराचं पण कलम आत्ताच घालून ठेवावं: ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनी गणवेश माळ्यावर ठेवावा. नंतर वाहून गेला, भिजला, असली कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत.

आता पालकसभेत एखादा आगाऊ माणूस उठून विचारणारच की एवढं कडक कशासाठी. तेव्हा आवाज जरा खाली आणून म्हणायचं, ‘समानतेसाठी’. गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये म्हणून. सभा गप्प होते, गॅरंटी.

ओळखू येतं हो, ते सोडा. शर्ट सगळ्यांचाच पांढरा, पण एकाचा नीळ घातलेला आणि दुसऱ्याचा बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पिवळट पडलेला. स्कर्टची दुमड उसवून खाली सोडली की विटलेल्या स्कर्टला खालून चार बोटं गडद पट्टा येतो, त्या पट्ट्यावरून कुठल्या पोरीला यंदा नवीन स्कर्ट मिळाला नाही ते वर्गातली कुठलीही पोरगी सांगेल. आणि ज्यांना एवढं पण दिसत नाही त्यांच्यासाठी आपण वर्गात मोठ्यानं विचारतोच की, ‘स्कॉलरशिपवाले कोण कोण, हात वर करा’. पण हे सभेत बोलायचं नसतं.

सातारकरांनी तर इथं फार जपून बोलावं. भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यातल्या शाळेत दाखल झाले, म्हणून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तुम्ही पण पाळा, हार आणा, भाषणं ठेवा, पोरं फुल गणवेशात बसवा. गोणपाटावर वेगळं बसवायचे ते सांगितलं तरी चालेल, सगळ्यांना पाठ आहे. फक्त मसूर स्टेशनचा किस्सा कुणाला सांगू देऊ नका. १९०१ सालची गोष्ट, लहानगे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची पोरं साताऱ्याहून भीमरावांच्या वडिलांकडं निघालेली, नवे शर्ट, चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, एकदम टापटीप. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करायला आले, कपड्यांवरून त्यांना ती ब्राह्मणांची पोरं वाटली. मग पोरांनी जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. बैलगाडीवाला कोण मिळेना, शेवटी भाडं दुप्पट द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालत येणार, असं ठरलं. म्हणजे बघा, कपड्यात काय म्हणून खोट नव्हती. हे ऐकून मागच्या बाकावरचं एखादं पोरगं विचारायचं, सर, मग आपला गणवेश नेमकं काय झाकतो? अशा पोराचे सॉक्स लगेच तपासा.

कोर्टात पण असले आगाऊ प्रश्न विचारतात म्हणा. मुंबईतल्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी, बॅज सगळं बंद केलं, ते प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं तर न्यायमूर्तींनी विचारलं, नावावरून धर्म कळत नाही का, मग काय आता नंबरनं हाक मारणार? मी म्हणतो मारा की. रोल नंबर आहेतच आपल्याकडं, आडनाव हजेरीतून काढून टाका. फक्त संस्थेच्या संचालक मंडळाच्या बोर्डावरची आडनावं आधी एकदा वाचून घ्या, नाहीतर पोरं ती पण वाचतील.

जाता जाता कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचा फोटो ऑफिसात पाहिजेच. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका ठिकाणी राहिली, एका ठिकाणी जेवली, आणि त्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. आता संस्थाचालकांच्या घरचं सोनं मोडायची पद्धत राहिली नाही, पालकांच्या घरचं मोडतं. काळाप्रमाणं बदलायला लागतं.

आणि जास्तच महत्त्वाकांक्षा असेल तर सरकारकडून शिका. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ आला, पहिली ते आठवीच्या सरकारी शाळांतल्या लाखो पोरांची मापं एकाच ठिकाणाहून ठरवायची आयडिया. नेहमीचा गणवेश वरून शिवून येणार, स्काउटचं नुसतं कापड येणार, ते गावात शिवून घ्या, शिलाईला शंभर रुपये आणि वर दहा रुपये किरकोळ खर्चाला. शंभर रुपयात आमचा टेलर पँटला नुसती चेन बसवून देतो आणि ते पण चार चकरा मारल्यावर. पंधरा ऑगस्ट आला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचला नव्हता, पोचला तो कुणाच्या गुडघ्यापर्यंत तर कुणाच्या बरगडीपर्यंत. डिसेंबरमध्ये सरकारनंच तो निर्णय गुंडाळला आणि गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडं दिला, म्हणजे जिथं होता तिथं. यातनं आपण एवढंच घ्यायचं की माप चुकलं तरी दोष पोराच्या अंगाचा धरायचा.

मास्तर लोकांना पण सोडू नका, त्यांना तर मार्च २०२४ च्या जीआरनं जीन्स-टीशर्ट बंदच आहे. शर्ट इन केलेला नसेल तर पोरांसमोर बोला, पगार वेळेवर झाला नसेल तर केबिनमध्ये बोला. तुमचा स्वतःचा कडक स्टार्चचा पांढरा शर्ट चालतो, तो गणवेशात मोडत नाही, ती आवड.

राहिली शिक्षा. इथं जरा सांभाळून, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, मारायचं नाही आणि मानसिक त्रास पण द्यायचा नाही. पण आपण कुठं मारतोय, आपण फक्त उभं करतोय. ग्राउंडवर उन्हात नको, कंपाउंडबाहेरून फोटो निघतात आणि दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतात. आतल्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडं तोंड करून उभं करा, म्हणजे फोटोत चेहरा पण येणार नाही. आणि घरी फोन करून सांगा की पोरगं तब्येतीनं जरा अशक्त वाटतंय, दोन मिनिटं उभं राहवत नाही त्याला.