‘दोन फटके द्या, पोर ताळ्यावर येईल’ म्हणणाऱ्यांना

‘आजची पोरं हट्टी झाली कारण आईबापांचा हात उठत नाही. आम्ही मार खाल्ला, सरळ झालो. साखर बंद करा, दोन फटके द्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) वगैरे डॉक्टरांची फॅडं.’ चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आल्यापासून आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय, खाली अंगठ्यांची रांग.

आधी हट्ट. दीड ते चार वर्षांच्या मुलाची आदळआपट हे बिघडल्याचं लक्षण नव्हे. राग पूर्ण जोमाने येतो, पण तो आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. शिवाय हवं ते सांगायला शब्द अपुरे. चवथीचं घर आठवा. दुपारची झोप बुडालेली, जेवण आरतीनंतर, कानाशी घुमट-शामेळ ही वाद्यं. तीन वर्षांचं पोर माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधलेली चौकट) लोळण घेतं आणि काकी म्हणते, ‘लाडावलंय.’ त्याला झोप आलीय हो!

लाडांचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. रडं थांबवायला मोबाईल दिला, तर पुढच्या वेळी मोबाईलसाठी रडणं येणारच. ‘नाही’ म्हटलं की नाहीच, आवाज न चढवता. ठाम राहिलात तर सुरुवातीला रडणं वाढतं. नेमकी तेव्हाच आजी विरघळते, नाहीतर बाबा वैतागून फोन देऊन टाकतात, आणि पोर शिकतं की अजून मोठ्याने रडायचं असतं. यात फटक्याची गरज कुठे आली?

‘आम्ही सरळ झालो’ याला काय म्हणायचं? २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या ६९ अभ्यासांचा आढावा छापला. मार खाणाऱ्या मुलांचं वागणं काळानुसार बिघडत गेल्याचं दिसलं, सुधारल्याचं नाही. आपल्याकडे २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. बाईंना जे चालत नाही ते घरी कसं चालतं?

साखरेचं थोडक्यात: कुणाला खरी साखर दिली हे मुलांना-पालकांना न कळू देता केलेल्या चाचण्यांत वागण्यात फरक आढळला नाही. नेवऱ्या (करंज्या) दातांसाठी आवरा.

आणि एडीएचडीचं फॅड? जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनमध्ये अशा मुलांचं वर्णन १९०२ साली केलं होतं. अर्थात प्रत्येक चुळबुळ्या मुलाला एडीएचडी नसतो. त्यासाठी लक्षणं किमान सहा महिने आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून बालवाडीच्या बाईंना विचारा, तिथेही असंच करतो का. हाक मारल्यावर ओ देत नसेल तर आधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं की पोराला खरंच कमी ऐकू येतं, आणि आपण त्याला ‘ऐकत नाही’ म्हणून बडवतो. बोलणं उशिरा येत असेल, येणारे शब्द गळत असतील, तर ‘होईल मोठा झाल्यावर’ म्हणत थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभाग आहे. जाताना रडणं कधी, कशाआधी सुरू होतं ते आठवडाभर टिपून न्या.