काल यायला हवं होतं

इंदूरच्या मराठी घरात मासे धरण्याचा छंद शिरणं तसं अवघडच. निम्म्या घरांत चातुर्मासात कांदासुद्धा चालत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांत मासा म्हणजे रविवारी बाजारातून कापून आणायची वस्तू. पण पन्नाशी जवळ येते, रक्तदाब निघतो, डॉक्टर म्हणतात, ‘एखादा शांत छंद लावून घ्या.’ मग माणूस रॉड आणि रील विकत घेतो. तुम्हीही घेतली असतील तर अभिनंदन. फक्त एकटे जाऊ नका, गाइड करा. नर्मदा एवढी लांब-रुंद नदी. तिच्यात मासा नेमका कुठे नाही, ते दाखवायला जाणकार माणूस लागतोच.

गाइडची पारख त्याच्या मोबाईलवरून करावी. काचेला तडा असेल तर माणूस अनुभवी. तो तुम्हाला फोटो दाखवील: हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा मासा आणि त्याला छातीशी धरलेला हसरा गृहस्थ. ‘महाशीर है भिया, अपने बड़वाह का!’ गृहस्थाच्या मागे देवदाराची झाडं दिसतात. नर्मदाकाठच्या बडवाहला देवदार कधी उगवले, असलं काही विचारत बसू नका. मैत्रीची सुरुवात उलटतपासणीने करू नये.

महाशीर हा मध्य प्रदेशचा राज्यमासा, २०११ पासून. ज्याला सरकारी मान मिळतो त्याची प्रकृती आधीच बिघडलेली असते, हा आपल्याकडचा जुना रिवाज. महाशीरला वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाला गोटे लागतात. आपण नर्मदेवर बर्गीपासून खाली एकामागे एक धरणं बांधली आणि वाहत्या पाण्याचे मोठाले तलाव करून ठेवले. त्यात रोहू-कटला मजेत राहतात, महाशीर राहत नाही. गाइडला हे पुरतं ठाऊक असतं. पण कटला दाखवतो म्हटलं तर अर्धे पैसे आगाऊ कोण देईल?

बोलणी करताना महिना विचारून घ्या. पावसाळ्यात त्याचा भाव एकदम उतरतो, कारण १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. याच दिवसांत रोहू-कटला अंडी घालायला पुराच्या पाण्यात चढतात. गाइडचा कायद्याचा अभ्यास मात्र आपल्यापेक्षा सखोल असतो. ‘बंदी जाल पे है भिया, कांटे पे थोड़ी!’ जलाशय असेल तर तिथला ठेका एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असतो आणि परवानगी तिच्याकडून घ्यावी लागते. गाइड म्हणतो, ‘अपनी पहचान है.’ ही पहचान म्हणजे फाटकावरच्या चौकीदाराचा चहा. तो तुमच्या खर्चात धरलेला असतो.

निघायचं ठरतं पहाटे चारला, भंवरकुआँ चौकातून. तुम्ही पावणेचारलाच हजर राहा, म्हणजे गाइडची वाट पाहायला निवांत दीड तास मिळेल. रक्तदाबासाठी हा दीड तास उत्तम, निदान डॉक्टरांना तसं सांगता येतं. तो आला की सिमरोलला पोहे-जिलबी. पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत तो तुम्हाला पाण्याचं गणित समजावतो. मग भेरूघाट, मग चोरल, मग कुणाच्या तरी साडूला द्यायचं पार्सल. काठावर पोचता तेव्हा साडेआठ झालेले असतात. मासा चरतो पहाटे आणि दिवेलागणीला. ऊन चढलं की खोल पाण्यात जातो. म्हणजे तुम्ही आणि मासा यांच्या वेळा अशा जुळवल्या आहेत की एकमेकांना त्रास होऊ नये.

आता चारा. गाइड डिकीतून शेवेची जुनी पिशवी काढतो. आत कणकेचा गोळा. त्यात शेंगदाण्याची पेंड, हिंग, थोडी वेलची आणि आणखी ‘एक चीज़’, जी तो कुणालाच सांगत नाही. वास आमच्या घरच्या फोडणीसारखा. माझ्या आत्याच्या नाकाखाली धरला असता तर तिने त्याची भाकरी थापली असती. (आत्याचा या सगळ्याला विरोधच आहे. ‘नर्मदा तर १९७८ पासून आपल्या नळाला येते, एवढं लांब कशाला जातोस?’ जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवलेल्या पाण्यात मासा येत नाही, हे तिला पटवण्यात मी थकलो.) गाइड बोटांनी सुपारीएवढी गोळी वळतो, गळाचं टोक तिच्यात दडवतो, थुंकतो आणि फेकतो. थुंकी शास्त्रोक्त असते. त्यावर बोलू नये.

इथे त्याला एकच प्रश्न विचारून बघा: ‘दादा, गोळी किती खोल ठेवली?’ कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी. म्हणजे कुठला मासा हवा हे आधी ठरवून दोऱ्यावरचा तरंगता फ्लोट सरकवावा लागतो. चांगला गाइड हे सांगतो, आणि असे गाइड आहेतही. त्यांना गाठायला मात्र तुम्हाला काठावरच्या केवटांच्या वस्तीत विचारत फिरावं लागेल. आपला गाइड म्हणतो, ‘सब जगह मच्छी है भिया, आप बस चुप बैठो.’ आणि स्वतः फोनवर पुढच्या शनिवारचं गिऱ्हाईक पक्कं करत बसतो.

लाइफ जॅकेट मागितलंत तर नावेत एकच निघेल, आणि त्यावर गाइड बसलेला असेल. एवढी एक गोष्ट मात्र मी थट्टेत सांगत नाही: वर ओंकारेश्वरचं धरण आहे. विजेसाठी पाणी सोडलं की खाली पातळी चढते, आणि मघा कोरडा असलेला खडक बेट होतो. भोंगा ऐकू आला तर रॉड तिथेच टाका आणि काठ गाठा. रॉड पुन्हा घेता येतो.

अकरा वाजतात. बारा वाजतात. फ्लोट देवघरातल्या समईसारखा स्थिर. आता गाइडची खरी विद्या सुरू होते. पाणी गढूळ आहे. पाणी फारच नितळ आहे. वारा पूर्वेचा. पौर्णिमा जवळ. तुमचा शर्ट पांढरा. आणि सगळ्यांच्या वरताण: ‘कल आना था, भिया. कल तो आग लगी थी इधर.’ काल कोण आलं होतं, हे तुम्ही विचारता. ‘थे एक साहब, रामबाग के.’ रामबाग म्हणजे इंदूरची मराठी वस्ती, तेव्हा तुम्ही गप्प. न जाणो, आपल्याच नात्यातले निघायचे.

पलीकडे दहा-बारा वर्षांचा पोरगा बांबूच्या काठीला दोरा बांधून बसलेला असतो. गांडूळ लावलेलं, फ्लोट म्हणजे चपलेच्या रबराचा तुकडा. तो खस्सकन काठी उचलतो आणि वीतभर रोहू चमकतो. गाइड ताडकन उठतो. ‘देखा? बोला था ना, पॉइंट सही है!’

मग तो पोराशी काहीतरी बोलतो, तुमच्या खिशातले पन्नास रुपये तिकडे जातात आणि मासा तुमच्या हातात येतो. खरं तर जिवंत मासा ओल्या हाताने धरायचा, क्षणभर, नाहीतर अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि सोडला तरी तो जगत नाही. पण फोटो महत्त्वाचा. गाइड सांगतो तसे हात कॅमेऱ्याकडे लांब करा, कोपर लपवा, हसा. वीतभर रोहू हातभर दिसायला लागतो. फोटो त्याच्याच मोबाईलवर काढतात, तुमच्यावर ‘उजेड बरोबर येत नाही’. मासा परत पोराकडे. त्याच्या घरी संध्याकाळी रस्सा.

तुम्ही घरी याल, कान भाजलेले असतील, आत्या ‘काय मिळालं?’ विचारील. पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला भंवरकुआँ चौकात दुसराच कुणी ताटकळत उभा असेल. गाइड त्याला तडा गेलेल्या काचेमागचा तुमचा फोटो दाखवून सांगत असेल, ‘कल के ही साहब हैं.’