चुना लावलेली गच्ची आणि पृथ्वीची उष्णता

पृथ्वी उबदार कशी राहते यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं 'सूर्याची उष्णता आत येते आणि परत जाताना अडकते' हे वाक्य खटकलं. माझ्या नववीतल्या पुतणीने लगेच विचारलं, "काका, मग ती येतानाच का अडकत नाही?"

कारण येतं ते वेगळं आणि जातं ते वेगळं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5500 अंश सेल्सिअस, म्हणून त्याच्या प्रारणाची, म्हणजे त्यातून निघणाऱ्या किरणांची, तीव्रता अर्ध्या मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दृश्य प्रकाशात, सर्वाधिक असते. पृथ्वी सरासरी 15 अंशांची. ती 10 मायक्रॉनच्या आसपासचं, डोळ्यांना न दिसणारं अवरक्त प्रारण सोडते. हवा उन्हाला बरीचशी पारदर्शक आहे, या अवरक्ताला नाही. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषतात आणि काही भाग पुन्हा खाली पाठवतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांनी वायूंचं हे शोषण 1859 मध्येच प्रयोगशाळेत मोजायला घेतलं होतं.

शिवाय ऊन फक्त दिवसा, उष्णता मात्र चोवीस तास बाहेर जाते.

आम्ही सोलापूरकर एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारतो. चुना ऊन परतवतो, एवढंच सगळे सांगतात. गंमत अशी की अवरक्तासाठी तोच चुना जवळपास डांबराइतका 'काळा' असतो, म्हणजे ते चांगलं शोषतो आणि तितकंच चांगलं सोडतोही, म्हणून स्लॅबची उष्णता तो आकाशाकडे मजेत सोडतो. नव्या चकचकीत पत्र्याला हे दुसरं काम धड जमत नाही. अर्थात रात्री ढग आले, की चुना असो वा नसो, घाम ठरलेलाच. ढगही खालून आलेलं अवरक्त शोषून परत खाली पाठवतात.