मंत्र्याचं वजन आणि कॅबिनेट नोट

मुंबई-गोवा महामार्ग असो की बारसूची रिफायनरी, कोकणातला वाद शेवटी तिथेच येतो : आपल्या माणसाचं दिल्लीत वजन किती? लंडनमधून हे वाचताना वाटतं, वजनापेक्षा कॅबिनेट नोटेबद्दल, म्हणजे मंत्रिमंडळापुढे निर्णयासाठी जाणाऱ्या टिपणाबद्दल, विचारायला हवं.

लंडनमध्ये १९१६ पर्यंत मंत्रिमंडळाचं इतिवृत्तच नसे. पंतप्रधान राजाला पत्र लिहीत, तेवढीच नोंद. बैठकीत काय ठरलं, हे मंत्र्यांचे सचिव एकमेकांना विचारत. महायुद्धात हे परवडेना, म्हणून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मॉरिस हँकींच्या हाताखाली सचिवालय उभं केलं. आजचं कॅबिनेट ऑफिस त्यातूनच आलं.

दिल्लीत १९६१चे कामकाज नियम चालतात. ज्या खात्याचा विषय, ते कॅबिनेट नोटेचा मसुदा संबंधित खात्यांना पाठवतं. त्यांचे अभिप्राय आणि त्यावरचं आपलं म्हणणं नोटेतच येतं. मंत्र्यांच्या मंजुरीनंतर ती कॅबिनेट सचिवालयात जाते. कुणाला विचारायचं राहिलंय का, हे तिथे पाहतात; खात्यांचं जुळत नसेल तर सचिवांची समिती बसते. गाडी अडते ती बहुधा अभिप्रायांवर. एखादं खातं उत्तरच देत नाही. किंवा घाईत 'हरकत नाही' कळवतं आणि अडचण कामाच्या वेळी वर येते. नियम १२ खाली पंतप्रधान यातून सूट देऊ शकतात. तातडीला ती हवीच, पण सवय लागली की मंत्रिमंडळ मागाहून शिक्का मारण्यापुरतं उरतं.

महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. लोकसभेतला त्यांचा आक्षेप मात्र विसरला गेला : मुंबई केंद्रशासित करण्याचा विषय मंत्रिमंडळात चर्चेला आला नाही, कागद फिरवला नाही, समितीच्या बैठकीची नोंदही नाही. माझ्या मते राजीनाम्याइतकाच तो आक्षेप मोलाचा आहे.

ब्रिटनही धुतल्या तांदळासारखा नाही. इराक युद्धाआधी अधिकाऱ्यांनी तयार केलेले चांगले कागद मंत्रिमंडळापुढे चर्चेला आलेच नाहीत, असं बटलर समितीने २००४ साली नोंदवलं. शिवाय मंत्रिमंडळाचे कागद इथे साधारण वीस वर्षं बंद राहतात. आपला माहिती अधिकार कायदा त्याहून उदार आहे. कलम ८(१)(आय) सांगतं की निर्णय होऊन विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत कागद खुले करायचे. कायद्यातल्या इतर अपवादांत बसेल तेवढंच वगळायचं.

मंत्रिमंडळात मंजूर झालेल्या प्रकल्पावर निवेदन देताना कोकणातल्या समित्यांनी हे कलम लिहून दोन गोष्टी मागाव्यात : मत्स्यव्यवसाय, वन, रेल्वे यांपैकी कुणाला विचारलं होतं, आणि त्यांनी काय लिहून दिलं.