डीएनए सापडला म्हणजे वाहक सापडला?

‘सँडफ्लायमध्ये पीसीआरने लिशमानियाचा डीएनए मिळाला, म्हणजे तीच माशी रोग पसरवते. माश्या फाडून बघायचे दिवस गेले; बारकोड केला की जात कळते.’ काळ्या आजाराची बातमी आली की असा मजकूर फिरू लागतो. (लिशमानिया हा या आजाराचा परजीवी; सँडफ्लाय ही तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारी, म्हणजे वाहक, रक्त पिणारी बारीक माशी; पीसीआर ही डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी; बारकोड म्हणजे जात ओळखायला वाचलेला डीएनएचा ठरावीक तुकडा.)

यातलं पहिलं विधान सगळ्यात घोटाळ्याचं. रुग्णाचं रक्त प्यायली की कुठल्याही जातीच्या माशीच्या पोटात परजीवी जाणारच. खरी परीक्षा पुढे. रक्त पचून बाहेर पडतं तेव्हा परजीवीने आतड्याला चिकटून राहायला हवं, वाढायला हवं आणि साधारण आठवडाभरात तोंडाकडच्या झडपेशी पोचून संसर्गक्षम व्हायला हवं. हे ज्या जातीत घडत नाही, तिच्यातून तो रक्ताबरोबर निघून जातो. पीसीआरला मात्र मेलेला परजीवीही चालतो. चाचणी मिनीसर्कलवर, म्हणजे परजीवीतल्या डीएनएच्या चिमुकल्या कड्यांवर, बेतलेली असली तर विचारूच नका: एकेका परजीवीत त्यांच्या हजारो प्रती असतात. म्हणून माशीच्या पोटात ताजं रक्त होतं की नव्हतं, हे न सांगता दिलेला ‘पॉझिटिव्ह’ मी तरी अर्धाच धरतो.

सर्जेंटोमिया या गटातल्या सँडफ्लाय मुख्यतः पाली-सरड्यांवर जगतात. त्यांच्यातही अनेक देशांत लिशमानियाचा डीएनए मिळालाय, पण तेवढ्यावर त्या वाहक ठरत नाहीत. (चांदीपुरा विषाणूबाबत त्यांच्यावर संशय आहे, तो विषय निराळा.) भारतात काळा आजार पसरवणाऱ्या फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या सँडफ्लायवर वाहक म्हणून शिक्का बसला तो १९४२ मध्ये, स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तिच्या चाव्यातून स्वयंसेवकांना काळा आजार होतो हे दाखवल्यावर.

माशी फाडण्याबद्दल. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव. सलाइनच्या थेंबात पोटाचे शेवटचे खंड सुईने हलकेच ओढले की आतडं बाहेर येतं. वळवळणारे परजीवी दिसतात, आणि ते आतड्यात कुठवर पोचलेत तेही. काम किचकट आहे, म्हणून ढीगभर माश्या चाळायला पीसीआर हवाच. पण डोकं आणि शेवटचे खंड जात ओळखायला स्लाइडवर ठेवून उरलेलं धड डीएनएला देता येतं, भांडण कशाला?

बारकोडचं तर सरळ आहे. तो ज्या नमुन्यांशी ताडून बघायचा, त्यांना नाव दिलंय कुणीतरी माशीचा घसा आणि शुक्रकोश (मादीची शुक्राणू साठवायची पिशवी) सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच. ते नाव चुकलं की पुढचं सगळं चुकलं. दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढायला मात्र तो फार उपयोगी.

आणि काही प्रश्नांत सूक्ष्मदर्शक खरोखरच हतबल आहे. बिहारमधल्या अर्जेंटिपेसमध्ये डीडीटी या कीटकनाशकाला दाद न देण्याशी जोडलेलं केडीआर नावाचं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) सापडलं, ते डीएनए वाचूनच.